परसबागेतले तण: खुरप्याआधीचे काम

मृगाचे दोन चांगले पाऊस पडले की आठ-दहा दिवसांत परसातला वाफा हिरवा दिसू लागतो. त्या हिरव्यात आपण पेरलेले फार थोडे असते. कोथिंबिरीचे धने रुजून वर यायला आठ ते बारा दिवस लागतात, नुकती लावलेली मिरची-वांग्याची रोपे अजून माना टाकून असतात, आणि तेवढ्या अवधीत केना, घोळ, माठ, दुधी, लव्हाळा यांनी जागा धरलेली असते. मग घरातले कोणीतरी खुरपे घेऊन बसते, वाफा स्वच्छ करते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. भांगलण म्हणा, निंदणी म्हणा, खुरपणी म्हणा की कोकणातली बेणणी म्हणा, काम एकच, आणि ते बहुतेक घरांत बाईच्या कमरेवर आलेले. हे कष्ट पुष्कळ कमी होऊ शकतात, अशी माझी खात्री आहे. त्यासाठी उपटायचे कसे याच्या आधी तण येते कुठून हे पाहावे लागते.

बहुतेक तण बाहेरून येत नाही, खालून येते. माठाचे एक जोमदार झाड लाखाच्या घरात बिया टाकू शकते, गाजर गवताचे झाड दहा हजारांच्या पुढे. त्यातल्या सगळ्या पुढच्या वर्षी उगवत नाहीत. काही उगवतात, काही मुंग्या-किडे खातात, काही सडतात आणि उरलेल्या मातीत निजून राहतात. किती काळ, याचे उत्तर शोधायला अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये बिया वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरल्या आणि जमिनीत पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली उकरायची आणि आतल्या बिया रुजतात का ते बघायचे. बील गेले, त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी प्रयोग पुढे चालवला, आणि २०२१ मध्ये, म्हणजे १४२ वर्षांनी, बाहेर काढलेल्या बाटलीतल्या काही बियांना कोंब फुटले. हे टोकाचे उदाहरण झाले. साध्या परसात बहुतेक तणांच्या बियांचा साठा, नवी भर पडली नाही तर, काही वर्षांत खूप घटतो. 'भर पडली नाही तर' हीच त्यातली अट. म्हणून गणपतीच्या धांदलीत मागच्या कोपऱ्यात फुलून बी धरलेले माठाचे एक झाड हे पुढच्या कित्येक खुरपण्यांचे आमंत्रण असते.

या बियांची आणखी एक खोड आहे. आकाराने बारीक असलेल्या पुष्कळ बियांना रुजायला उजेड लागतो, तोही क्षणभर पुरतो. माती खणताना बी वर आले, उजेड लागला, ओल होती, की ते जागे होते. आणि उगवून येते ते जवळपास सगळे वरच्या इंच-दीड इंचातून. खाली राहिलेले निजूनच असते. दर हंगामाला वाफा वीतभर खणून उलथापालथ करण्याची आपली सवय म्हणजे निजलेल्या बियांची नवी तुकडी वर आणून ठेवणे. सुरुवातीला एकदा वाफा खोल करावा, दगड काढावेत, खत मिसळावे. पुढे मात्र शेणखत किंवा कंपोस्ट वरूनच पसरावे आणि खालची माती खालीच राहू द्यावी.

वरच्या इंचातल्या बियांना संपवण्याची एक जुनी युक्ती आहे. पेरणीच्या आधी वाफा तयार करून, सारखा करून पाणी द्यायचे आणि काहीच न पेरता आठ-दहा दिवस थांबायचे. तणाची पहिली पाती दिसली की उन्हाच्या दिवशी खुरप्याने नखभर खोल खरवडून काढायची. पुन्हा पाणी, पुन्हा आठवडाभर वाट, पुन्हा खरवड. मग खोलवर हात न लावता बी टोकायचे. खरीपासाठी हे काम मेअखेरीस नळाच्या पाण्यावर करता येते, रब्बीसाठी ऑक्टोबरच्या उन्हात. परसबागेसाठी याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय माझ्या माहितीत नाही. तरीही तो फार थोडे लोक करतात, कारण तयार वाफा पंधरा दिवस रिकामा ठेवणे जिवावर येते. कांद्याच्या रोपवाटिकेला, गाजराला, कोथिंबिरीला, म्हणजे जे पीक सावकाश उगवते त्या प्रत्येकाला, हे पंधरा दिवस व्याजासकट परत मिळतात.

पीक उभे राहिल्यावर सगळे दिवस सारखे महत्त्वाचे नसतात. टोमॅटो, वांगी, मिरची यांना लावणीपासूनचा पहिला महिना-दीड महिना तणाची चढाओढ सर्वांत महागात पडते. त्या काळात झाड स्वच्छ जमिनीत वाढले तर पुढे त्याचीच सावली खालच्या तणाला दाबते, आणि नंतर आलेल्या तणाने उत्पन्नात फारसा फरक पडत नाही. कांदा आणि लसूण यांची गोष्ट वेगळी. त्यांची पात उभी आणि बारीक, सावली पडतच नाही, म्हणून त्यांना जवळजवळ शेवटपर्यंत सांभाळावे लागते. भोपळा, काकडी, दोडका जमिनीवर सोडले तर एकदा पसरल्यावर स्वतःची काळजी घेतात. मेथी महिन्याभरात काढायची असते, तिला एकच खुरपणी पुरते, पण ती वेळेवर हवी. कामाला माणसे कमी असतील तर सगळ्या बागेला थोडे थोडे वाटण्यापेक्षा कांद्याचा वाफा आणि नवी रोपे आधी धरावीत. भाजी ओळीत पेरावी, हेही त्यातच आले. मेथी-पालक मुठीने फेकून पेरला की उगवलेल्यातले आपले कोणते आणि परके कोणते हे बोटाने चाळत बसावे लागते. ओळीत पेरला की दोन ओळींमधले जे हिरवे ते डोळे मिटून काढता येते.

खुरपणीची वेळ वाफसा सांगतो. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, अशी ओल असताना तण मुळासकट सुटून येते. चिखल असताना खुरपले की माती पायाखाली घट्ट बसते आणि उपटलेले तण तिथेच पुन्हा मूळ धरते. घोळ आणि केना तर हमखास. काळी माती कोरडी झाल्यावर मूळ तुटून आत राहते. म्हणून पावसाळ्यात उघडीप मिळाली की सकाळीच बसावे, म्हणजे दुपारच्या उन्हात उपटलेले सुकून जाते. खुरपे खोल घालू नये. मिरची-वांग्याची अन्न घेणारी बरीचशी मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात आणि ती तुटली तर झाड आठवडाभर मागे पडते. उभ्याने ओढता येणारे लांब दांड्याचे हातकोळपे बाजारात मिळते. दोन ओळींत वीतभर जागा सोडली तर ते बिनदिक्कत चालते, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाने तरी ते घ्यावेच.

प्रत्येक तणाचे स्वतःचे काही असते, आणि ते ओळखले की हात बरोबर पडतो. केना पाहा. वर निळी, नाजूक, दोन पाकळ्यांची फुले. ओढला की देठ सांध्यावर मोडतो आणि आपण पुढे जातो. त्याऐवजी वाफशावर खुरप्याचे टोक बुडाशी घालून सबंध झाड अलगद उचलावे आणि मुळे झटकून बघावीत. मुळांजवळ मातीखाली वाढलेले पांढरट कोंब दिसतात आणि त्यांच्या टोकांना मिटलेल्या बारीक कळ्या. ही केन्याची जमिनीखालची फुले. ती उमलत नाहीत, आतल्या आत फळतात आणि जागच्या जागी बी तयार करतात. वरचे निळे फूल कितीही वेळा खुडले तरी या बियांना धक्का लागत नाही. केना तरुण असतानाच मुळासकट का काढायचा, हे एकदा असे पाहिल्यावर कोणाला सांगावे लागत नाही. घोळाच्या मांसल देठात पाणी साठलेले असते. उपटून वाफ्यातच टाकला तर तो कित्येक दिवस जगतो, फुलावर असेल तर बीही पिकवतो, आणि फळाचे बारीक झाकण उघडून काळी वाळूसारखी बी खाली सोडतो. आंबुशीची पिकलेली शेंग बोट लागताच फुटते आणि बी दूरवर उडवते, म्हणून ती शेंगा धरण्याआधी काढायची.

ही सगळी बियांवर जगणारी मंडळी. मुळांवर जगणाऱ्यांची गोष्ट निराळी, आणि परसबागेतली खरी लढाई तिथे असते.

लव्हाळ्याचा मान पहिला. होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात लव्हाळा पहिल्या क्रमांकावर आणि आपली हराळी दुसऱ्या. लव्हाळ्याचा कोंब ओढला की तो टचकन तुटतो, हातात पाती येतात आणि चार दिवसांत तिथेच नवा कोंब उभा. कुदळीने वीतभर खोल खणून माती हळूच बाजूला केली तर कारण दिसते. पातीच्या बुडाशी लहानसा कांदा, त्यातून निघालेला दोऱ्यासारखा तंतू, त्याच्या टोकाला काळी सुवासिक गाठ, तिच्यापासून पुढे दुसरा तंतू, दुसरी गाठ. दिवाळीच्या उटण्यात पडणारा नागरमोथा तो हाच. एका माळेतली वरची गाठ फुटलेली असेल तोवर खालच्या गाठी दबून असतात. माळ तुटली की प्रत्येक सुट्या गाठीला मोकळीक मिळते आणि एकीच्या जागी चार कोंब येतात. यंत्राने किंवा कुदळीने माती भुसभुशीत करून सोडून देणे म्हणूनच लव्हाळ्याच्या पथ्यावर पडते.

मग करायचे काय? एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी असताना वाफा फावड्याने खोल उलटावा, ढेकळे तशीच उन्हात पडू द्यावीत. गाठी वेचता येतील तेवढ्या वेचून पत्र्यावर वाळवाव्यात. उन्हात पूर्ण सुकलेली गाठ मरते. लहान वाफा असेल तर वाळूची चाळण वापरून माती चाळावी, कष्टाचे आहे पण एकदाच. पावसाळ्यात उरलेल्या गाठी फुटतील. कोंब आल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांत लव्हाळा नव्या गाठी धरू लागतो, तेव्हा दर पंधरा दिवसांनी, न चुकता, पाती जमिनीखालून कापत राहावे. प्रत्येक वेळी नवा कोंब काढायला गाठीतला साठा खर्च होतो आणि भरपाई होत नाही. तिसरे म्हणजे सावली. लव्हाळ्याला ऊन हवे असते. दाट चवळी किंवा रताळ्याचा वेल अंगावर आला की तो खंगतो. ज्या वाफ्यात लव्हाळा माजला आहे तिथे एक पावसाळा भाजीचा मोह सोडून रताळी लावावीत, असे मी कोणालाही सांगेन. दोन-तीन हंगाम लागतात. एका हंगामात लव्हाळा घालवून देण्याचे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

हराळी जमिनीवरून आणि जमिनीखालून अशी दोन्हीकडून धावते आणि पेराएवढा तुकडा राहिला तरी त्याला मूळ फुटते. तिला कुदळीने तोडू नये. दाताळे घालून माती सैल करावी आणि दोर लांबच लांब ओढून काढावा. ती बहुधा बांधावरून किंवा कुंपणाच्या कडेने आत शिरते, म्हणून वाफ्याभोवती वीतभर रुंद, सतत मोकळा ठेवलेला पट्टा किंवा जमिनीत पुरलेली विटांची उभी कड उपयोगी पडते. गणपतीला दूर्वा हव्यात म्हणून ती वाफ्याच्या कडेला राखणारी घरे आहेत. दूर्वा कुंडीत लावाव्यात, तिथे त्या छान वाढतात.

उन्हाचाच आणखी एक उपयोग इस्रायलमध्ये याकोव कातान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडला. ओल्या जमिनीवर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून, कडा मातीत गाडून ते चार ते सहा आठवडे ठेवायचे. ऊन आत जाते, उष्णता बाहेर पडत नाही, आणि वरच्या थराचा ताप पन्नास अंशांच्या आसपास आणि वरही जातो. मातीतले काही रोगजंतू मरतात, तसेच वरच्या इंचांतले पुष्कळ तणबीही. देशावर आणि विदर्भात एप्रिल-मेचे ऊन यासाठी आयतेच आहे. प्लास्टिक पारदर्शक हवे, काळे नव्हे, ही चूक फार होते. लव्हाळ्याच्या खोल गाठींपुढे हा उपायही अपुरा पडतो, आणि कागद काढल्यावर वाफा खणला तर खालचे जिवंत बी वर येऊन सगळी मेहनत वाया जाते.

आता आच्छादन. ज्यांच्या परसात दर वर्षी दहा-पंधरा वाफे असतात त्यांनी बाकी काही नाही केले तरी हे करावे. उजेड अडला की बारीक बी रुजत नाही, ओल टिकते, पाणी वाचते आणि आच्छादन कुजून शेवटी खत होते. उसाचे पाचट, भाताचा पेंढा, आंब्या-फणसाचा पालापाचोळा, चिरलेल्या नारळाच्या झावळ्या, कुंपणाच्या गिरिपुष्पाचा पाला, जे गावात फुकट मिळते ते चांगले. पाचट तर अजूनही कित्येक फडांत पेटवून देतात. मागितले तर शेतकरी नाही म्हणत नाही. थर तीन-चार इंच तरी हवा, कारण आठवड्यात तो निम्मा बसतो. आधी खुरपून मग आच्छादन, उलटे नाही. रोपाच्या बुंध्यापासून चार बोटे मोकळी सोडावीत, नाहीतर बुंधा कुजतो. खाली पुठ्ठ्याचा एक थर दिला तर हट्टी तणही बराच काळ दबते. बी धरलेले गवत मात्र चुकूनही पसरू नये. कोकणातल्या पावसात आच्छादनाखाली गोगलगाई जमतात, देशावर कोरड्या दिवसांत वाळवी लागते. गोगलगाई संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात वेचाव्यात आणि कोवळ्या रोपांच्या वाफ्यात रोपे वीतभर होईपर्यंत थांबावे. चंदेरी-काळ्या प्लास्टिकचे आच्छादन शेतावर चालते, पण घरच्या वाफ्यात मला ते पटत नाही. लव्हाळ्याची टोके ते आरपार भोसकतात, आणि दोन हंगामांनी मातीत राहिलेले त्याचे कपटे कोणी वेचत नाही.

बहुतेक तण बाहेरून येत नाही असे वर म्हटले, त्याला मोठे अपवाद दोन. एक, कच्चे शेणखत. गुराच्या पोटातून बऱ्याच बिया शाबूत बाहेर पडतात. ढीग ओला ठेवून, वरखाली करून पंचावन्न-साठ अंशांपर्यंत नीट तापला तर त्या मरतात. थंड ढिगात मरत नाहीत. खत आणले की हात घालून पाहावे, काळे, भुसभुशीत, शेणाचा वास गेलेले असेल तरच वाफ्यात टाकावे. दुसरा अपवाद लाल माती. पुण्या-मुंबईत गच्चीवर बाग करणारे पोत्याने किंवा ट्रॉलीने लाल माती घेतात, आणि तिच्याबरोबर लव्हाळ्याच्या गाठी पाचव्या मजल्यावर पोचतात. नवी माती एका कुंडीत ओली करून दोन आठवडे पाहावी, पाती आल्या तर चाळून घ्यावी. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाच्या पिशवीलाही हाच नियम.

गाजर गवतासाठी वेगळे दोन शब्द हवेत, कारण त्याचा भारतातला सुरुवातीचा ठळक ठावठिकाणा पुण्यातला आहे. १९५५च्या सुमारास ते तिथे नोंदले गेले. त्याच्या संपर्काने त्वचेला खाज आणि चट्टे येतात, परागकणांनी दमा बळावतो. हातमोजे घालून, फुलण्याआधी, मुळासकट काढावे. फुलाआधीचे कंपोस्टमध्ये चालते. त्याच्यावर मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा भुंगा १९८०च्या दशकात सोडला गेला आणि आता पावसाळ्यात अनेक ठिकाणी आपोआप दिसतो. पाने चाळणीसारखी खाल्लेली दिसली तर त्या झाडांवर काही फवारू नये. कुंपणालगत टाकळा दाट वाढू दिला तर गाजर गवत मागे हटते.

तणनाशकांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: घरच्या भाजीत ती नकोत. शेतात एकच पीक असते, परसात चार हातांत मेथी, मिरची, घेवडा आणि तुळस. एकाला चालणारे औषध दुसऱ्याला मारते. टू-फोर-डीचा पंपात राहिलेला अंशसुद्धा टोमॅटोची पाने दोरीसारखी वळवतो. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घातले आणि ते केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरावे असा आदेश काढला. घरच्या बागेचा प्रश्न तिथेच मिटायला हवा. मीठ आणि व्हिनेगर हे 'घरगुती' उपाय हल्ली मोबाइलवर फिरतात. व्हिनेगर वरची पाती भाजते, मूळ तसेच राहते. मीठ मातीत साठते आणि मग तिथे तणाबरोबर भाजीही नीट येत नाही.

याउलट, तणाला शत्रूच मानू नये असे सांगणारी एक परंपरा आपल्याकडे जोमाने उभी आहे. जपानचे शेतकरी फुकुओका यांच्या लेखनाने तिला बळ दिले, आणि कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी 'तण खाई धन' या म्हणीला 'तण देई धन' असे उत्तर देऊन, तणांची मुळे जमिनीतच कुजू देण्याचा पुरस्कार केला. मला त्यातला मुळांचा मुद्दा पूर्ण पटतो. रोपापासून दूरचे, बी न धरलेले तण उपटण्याऐवजी जमिनीलगत कापावे आणि तिथेच पसरावे. माती हलत नाही आणि आच्छादन आयते मिळते. पण शेताच्या मोकळेपणात जे साधते ते चार वाफ्यांत जसेच्या तसे आणता येत नाही. भेंडीच्या पिवळ्या शिरांचा विषाणू पांढऱ्या माशीवाटे पसरतो, आणि वाफ्यालगतच्या रानटी तणावर ती माशी सुखाने राहते. तेव्हा वाफ्यापासून दहा पावले तरी अंतर स्वच्छ, आणि त्यापलीकडच्या बांधावर एकदांडीसारखी फुले मधमाश्यांसाठी राहू द्यावीत, असा मध्यम मार्ग मी सुचवेन.

आणि उपटलेल्यातले निम्मे स्वयंपाकघरात जाऊ शकते. कोवळा माठ आणि तांदुळजा लसणाच्या फोडणीवर, घोळ मुगाच्या डाळीत, केन्याच्या पानांची भजी, कुंजर आणि कुर्डू परतून, कोकणात आषाढातला कोवळा टाकळा फणसाच्या आठळ्या घालून. कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांत यातल्या जुड्या पैसे देऊन घेतल्या जातात. घोळ आणि जमिनीला चिकटून पसरणारी दुधी लांबून सारख्या दिसतात, पण देठ मोडला की फरक कळतो: घोळातून पाणी येते, दुधीतून पांढरा चीक, आणि चीक आला तर ती भाजी नव्हे. घोळात ऑक्झलेट भरपूर, म्हणून मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी तो टाळावा. रस्त्याच्या कडेची, गटारालगतची किंवा फवारलेल्या बांधावरची पाने घेऊ नयेत. आपल्या वाफ्यातली, फूल येण्याआधीची, सकाळी खुडलेली घ्यावीत, म्हणजे त्या दिवसाची खुरपणी आणि भाजी एकदमच होते.